अठ्ठेचाळीस लाइनी

दुसरी थोबाडीत बसली तेव्हा तिचा ओठ फाटला आणि रक्त कीबोर्डवर सांडलं.

"कॉम्प्रेशन चालू कर!" नवरा गुरकावला. "नेट रांगतंय म्हणून गिऱ्हाइकं बोंबलतायत. आणि तू मला अक्कल शिकवतेस?"

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं इंटरनेटचं दुकान होतं. भिंतीला टेकलेला एक लोखंडी डबा, त्यात अठ्ठेचाळीस मोडेम. अख्खी गल्ली फोन लावून या डब्यातूनच नेटवर जायची. दुकान त्याच्या नावावर. डबा चालवायची ती. पासवर्डही तिच्याच डोक्यात.

"अहो, कॉम्प्रेशन म्हणजे माहिती आधी दाबून बारीक करायची, मग पाठवायची. ते सगळ्या लाइनींचं काम डब्यातल्या एकाच मेंदूवर पडतं. दहा लाइनी असत्या तर झेपलं असतं. आत्ता गर्दी आहे. डबा गुदमरेल."

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. हौस फिटली नाही म्हणून आणखी एकदा.

"डब्याआधी तुझा गळा दाबीन."

तिनं डोळ्यात उतरलेलं रक्त बाहीनं पुसलं. घड्याळात संध्याकाळचे सात. पडद्यावर अठ्ठेचाळीस हिरवे ठिपके. एकही लाइन रिकामी नव्हती.

"करते," ती म्हणाली.

नवी सेटिंग घ्यायला सगळ्या लाइनी एकदा तुटल्या, सगळ्यांचे फोन एकदमच परत लागले आणि डब्यानं मान टाकली. एकूण एक ठिपका विझला.

"मुद्दाम केलंस, भवाने!"

त्यानं खुर्ची उचलून तिच्या पाठीत घातली. ती कोसळली. खुर्ची पुन्हा वर गेली, तोच दार धाडकन उघडलं. वीसेक माणसं आत घुसली. पुढे समोरचे मास्तर, शेजारच्या काकू, औषधवाला. खाली पडलेली ती, त्याच्या हातातली खुर्ची, फरशीवरचं रक्त. सगळ्यांनी सगळं पाहिलं. मास्तरांनी घसा खाकरला.

"वहिनी, लाइन कधी येणार?"

ती भिंत धरून उठली. तोंडातलं रक्त थुंकली.

"आधी ह्याला चौकीत नेऊन टाका. मग लाइन."

मग औषधवाल्यानं त्याचा हात पिरगळला, दोघांनी मानगूट धरली आणि लाथाबुक्क्या घालत त्याला फरफटत बाहेर नेलं.

काकूंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. "अगं, आधी सांगायचं नाही का आम्हाला?"

"चार वर्षं ओरडतेय, काकू. पण तेव्हा तुमचं नेट चालू होतं."