नानासाहेबांची बोट

टेकूचा दगड सरकला आणि बोटीचं नाक धाडकन खाली आलं. मुंजाबानं हात वेळेत मागं घेतला म्हणून बोटं वाचली. त्यानं रागानं पाना भिंतीवर फेकला. मग स्वतःच उठून तो उचलून आणला, कारण त्या मापाचा तेवढा एकच होता.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात तो फिटर. बंद पडलेली मशीन चालू करणं हे त्याचं काम. पण मालक नानासाहेबांनी मुंबईहून जुनी मोटरबोट आणली, ट्रेलरसकट शेडमागं उभी केली आणि तीही याच्याच गळ्यात पडली. साहेबांना नाथसागरावर पाहुणे फिरवायची हौस. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला एक जॅक असतो, त्याला खाली लहानसं चाक. हँडल फिरवून दांडा वर घ्यायचा, जीपच्या हुकावर बसवायचा आणि जॅक वर ओढून घ्यायचा. ड्रायव्हर मोतीराम नेमकं शेवटचं विसरला. पैठणपर्यंत जॅक डांबरावर घासत गेला. चाक नाहीसं झालं, दांडी वाकली.

"आवाज येत व्हता," मोतीराम म्हणाला, "पर म्हनलं बोटीचाच आसंल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं. मोतीराम जीपमध्ये झोपला आणि मुंजाबा ट्रेलरखाली.

त्यानं हे लचांड केव्हाच झटकून टाकलं असतं. पण त्याची माय कस्तुराबाई बोट आल्याचं कळल्यापासून मागं लागली होती. धरण झालं, नाथसागराचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं गाव वर माळावर गेलं. बिरोबाला उठवावं का म्हणून कौल लावला, तो डावा आला, म्हणजे देव नको म्हणाला. माणसं निघाली, देव देवळासकट खाली राहिला. तेव्हापासून म्हातारी वर्षातून एकदा काठावर उभी राहून भंडारा उधळायची आणि वारा तो तिच्याच लुगड्यावर आणून टाकायचा. मरायच्या आधी एकदा तरी तिला तो नेमका देवळावर टाकायचा होता. बोटीशिवाय ते होणार नव्हतं.

बरेच दिवस घुटमळून मुंजाबानं साहेबांना विचारलं.

"रविवारी पाहुणे येतायत. तोवर जॅक बसव आणि आण आईला," नानासाहेब म्हणाले. "बोट चौघांची आहे, चौथी जागा तिची. जॅक नाही बसला, तर कुणीच जाणार नाही."

पण जॅक मिळायला हवा ना. विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं, मोंढ्यातल्या दुकानांची शटरं खाली. ती उघडली तेव्हा स्पेअरपार्टवाला हसायलाच लागला. "बोट का जॅक? यहां नल को पानी नै आता भाई, तुम बोट कां चलाते?" मुंजाबाला हसू आलं नाही. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जुना जॅक उचलला. त्याची भोकं जुळेनात. नवी पाडली, तर हँडल अर्धा वेढा फिरून बोटीच्या नाकाला अडायला लागलं. पुन्हा खोललं, तोंड बाहेर वळवलं, पुन्हा कसलं. मधेच दगड सरकले ते वेगळंच. पुंडलिकनगरच्या खोलीवर परतावं तर उंबऱ्यातच प्रश्न तयार.

"बसला का रं?"

"बसंल. तू गप बस आधी."

शनिवारी संध्याकाळी हँडल एकदाचं पुरं फिरलं आणि दांडा वर आला. मुंजाबा ट्रेलरच्या चाकाला टेकून बसला. त्यानं मोतीरामला, साहेबांना आणि बिरोबाला मनातल्या मनात एकेक शिवी दिली. मग घरी जाऊन जेवला.

रविवारी बोट पाण्यात उतरली. नानासाहेब आणि दोन पाहुणे चढून ऐसपैस बसले. मुंजाबा गुडघाभर पाण्यात बोट धरून उभा राहिला. कस्तुराबाई भंडाऱ्याची पिशवी घेऊन काठाशी आली आणि तिथंच थांबली.

"चल की माय. साहेब खोळंबलेत."

"मी नाय बसत."

मुंजाबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यापायी तो आठवडाभर लोखंडाशी झोंबला होता. तो दात दाबून म्हणाला, "भ्या वाटतं व्हय आता?"

"भ्या कशाचं?" साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती बोलली. "त्यांच्या पायात पायतानं हायती. देवाच्या डोक्यावरनं जायचं हाय, लेकरा. मी तशी कशी जाऊ?"

मुंजाबानं बोटीत पाहिलं. पाहुण्यांचे बूट चकाकत होते. साहेबांना साधी एक जागा मागायला त्याला बरेच दिवस लागले होते. म्हातारी घाबरते, तुम्ही निघा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"काय झालं रे?" नानासाहेबांनी विचारलं. "येतेय ना ती?"

"साहेब, बूट काढा," मुंजाबा म्हणाला. "पाव्हण्यांना बी सांगा. खाली आमचा बिरोबा हाय."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नानासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. या पाण्यावर ते किती वेळा फिरले होते. ते कडेवरून वाकले आणि खाली बघत राहिले. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. मग त्यांनी बुटाची नाडी सोडली. ते बघून पाहुणेही वाकले.

कस्तुराबाईनं आपल्या चपला काठावर ठेवल्या आणि लेकाच्या खांद्याला धरून ती बोटीत बसली.

"आणि तुमचं घर कुठं होतं, मावशी?" अनवाणी नानासाहेबांनी विचारलं.

"तितंच, देवळाच्या म्होरं," ती म्हणाली. "त्येच्यावरनं बूट घालून गेलात तरी चालंल. ते मानसांचं व्हतं."