सिन्स की फॉर

शिक्षकांच्या प्रशिक्षणात तांबवे सरांचं पेन सातव्या वाक्यावर अडलं होतं. ‘शी हॅज बीन इल... मंडे.’ गाळलेल्या जागी सिन्स की फॉर? पंचवीस वर्षं ते इंग्रजी शिकवत होते, पण गाइडमधली उत्तरं फळ्यावर उतरवून.

शेजारी शाहीन बसली होती. एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी, आता जवळच्या शाळेत शिक्षिका. सातवीत अशाच एका चुकीसाठी त्यांनी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिने आपला कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी मान खाली घालून ‘सिन्स’ लिहिलं.

प्रशिक्षकांनी नेमकं सातवंच वाक्य त्यांना विचारलं. सरांनी उभं राहून उत्तर सांगितलं.

“बरोबर. आता कारणही सांगा.”

सरांनी कागदावरच्या ‘सिन्स’कडे पाहिलं. त्यांचे कान तापले. शाहीन हळूच कुजबुजली, “सोमवारपासून, सर. ‘पासून’ आलं की सिन्स.”

“मला येत नाही,” सर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. “उत्तर शाहीनचं आहे. मी बघून लिहिलं.”

मग खाली न बसता ते तिच्याकडे वळले. “बाई, मला समजावून सांगता का?”