दोघांनी पाहिला तरच

“ससाणा! ताउनो, टुंड्रा ससाणा! या वेळी नक्की!”

इर्यानं दुर्बिणीला डोळा लावला होता आणि एक पाय फळीवर आपटत होती.

“बाज आहे,” ताउनो म्हणाला. “बाजाची मादी. शेपूट बघ केवढं लांब.”

“एवढ्या लांबून शेपूट मोजतोस? स्वतःचा चष्मा सापडत नाही तुला!”

पक्षी वळला. चार वेळा पंख मारून तरंगला, पुन्हा चार वेळा मारले. बाजच होता. इर्या मटकन बाकावर बसली.

राष्ट्रीय उद्यानातल्या पक्षी पाहायच्या दोन मनोऱ्यांमध्ये दर वसंतात ही पैज लागायची. दुपारपर्यंत ज्यांना जास्त जातींचे पक्षी दिसतील ते जिंकले. पक्षी दोघांनीही पाहायचा, आणि तोही मनोऱ्यावर उभं राहून, तरच तो मोजणीत धरायचा. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांच्या सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, उन्हाळाभर लाकडं फोडायची. तळ्यापलीकडच्या मनोऱ्यावर इर्याचा भाऊ ओइवा होता, बायकोला घेऊन. त्याचा निरोप नुकताच आला होता: ‘आम्ही एकाने पुढे. कुऱ्हाडीला धार लावून ठेवा.’

पण इर्याला लाकडांची फिकीर नव्हती. तिला टुंड्रा ससाणा हवा होता. सगळा जन्म या दलदलीच्या काठावर गेला, आणि नेमका तोच तिला हुलकावणी देत आला होता. ताउनोनं मात्र लग्नाआधीच पाहिलेला. तो किस्सा तो प्रत्येक मेजवानीत सांगायचा आणि शेवटी बायकोकडे बघून म्हणायचा, “हिनं नाही पाहिलेला अजून.” लोक हसायचे. इर्याही हसायची, पण घरी जाताना गाडीत बोलायची नाही.

“मी खाली जाऊन येतो,” ताउनो म्हणाला.

“आत्ता? वेळ संपत आलाय!”

“मग एवढी कॉफी कशाला पाजलीस?”

तो मागच्या शिडीनं उतरला आणि बर्चच्या झाडांमागे गेला. समोरून, दलदलीकडून, गार वारा येत होता. मोकळा होऊन त्यानं सहज वर पाहिलं आणि पँटची चेन ओढता ओढता हात जागीच थांबला.

मनोऱ्याच्या छपरावर ससाणा बसला होता.

थोराड. राखाडी पाठीचा. छातीवर ठिपक्यांच्या ओळी. बाजाच्या भुवईवर पांढरी रेघ असते, ती याला नव्हती. आणि त्याच्या बरोबर खाली, छपराच्या आत, इर्या दुर्बिणीला डोळा लावून मैलभर पलीकडे तोच पक्षी शोधत होती.

ताउनोनं तोंडापर्यंत आलेली हाक गिळली. हाक मारली तर ती छपराखालून डोकं बाहेर काढणार, आणि हा पठ्ठ्या मागच्या मागे झाडांवरून पसार होणार. गुपचूप वर पोचलो तर? दोघांनी, मनोऱ्यावरून. बरोबरी! त्यानं शिडीवर पाय ठेवला. पायरी करकरली. ससाण्यानं मान वळवली, अंग चोरलं, पंख जरासे सोडले.

ताउनोनं पाय काढून घेतला. वर पोचेपर्यंत हा थांबणार नाही, हे त्याला कळून चुकलं. दोघांना मिळणार नव्हता. एकीला मिळाला असता. मोठा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, आणि वारा समोरून होता. मागून उठवला तर तो सरळ तिच्या पुढ्यातून जाईल. फक्त तिचा डोळा त्या नळकांड्याला चिकटलेला नको.

त्यानं डोक्यावरची लोकरी टोपी काढली, गोळा केली आणि फेकता फेकता घसा फाडून ओरडला,

“इर्या! दुर्बीण सोड! नुसत्या डोळ्यांनी समोर बघ!”

टोपी छपरापर्यंत पोचलीसुद्धा नाही. पण ससाणा उठला. ताउनोला दिसली फक्त राखाडी पाठ, छपराच्या कडेवरून पुढे घसरणारी, मग काहीच नाही.

आणि मनोऱ्यावरून एक किंकाळी आली. उद्यानातल्या सगळ्या बदकांनी एकदम तळं सोडलं.

तो धापा टाकत वर पोचला. इर्या कठड्याला धरून उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“इथून गेला! इथून, ताउनो! हात लांब केला असता तर लागला असता! पंखांचा वारा लागला मला! डोळा पाहिला मी त्याचा, काळाभोर!”

तिच्या खिशातला फोन वाजला. ओइवा होता. “वेळ संपला. तो आरडाओरडा कसला? काही मिळालं का?”

“नाही रे,” इर्या डोळे पुसत म्हणाली. “धरण्यासारखं काही नाही. तुम्ही जिंकलात.”

ताउनो बाकावर टेकला. पुढच्या मेजवानीत हा किस्सा कसा सांगायचा, हे त्याच्या मनात जुळायलाही लागलं होतं.

“तरी पण,” तो म्हणाला, “आधी मी पाहिला. चांगला बसलेला पाहिला. म्हणजे माझे आता दोन झाले.”

इर्यानं फ्लास्कमधली उरलेली सगळी कॉफी आपल्या कपात ओतली.

“तू खाली होतास,” ती म्हणाली. “तुझा धरत नाहीत.”