मागच्या भिंतीतला चोरदरवाजा

नांदेडात भुजंगराव आणि अण्णारावांच्या घरांची मागची भिंत एकच होती; तोंडं मात्र दोन वेगळ्या गल्ल्यांत. रझाकारांची धास्ती वाढली, तसं भुजंगरावांनी घर दुरुस्तीला काढलं. अण्णारावांकडची सगळी माणसं लग्नाला लातूरला गेलेली पाहून त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत चोरदरवाजा काढून घेतला. आपल्या गल्लीत रझाकार शिरले, तर अण्णारावांच्या घरातून पलीकडच्या गल्लीत पसार व्हायचं. अण्णारावांच्या बाजूला विटांचा एकच थर ठेवला होता, लाथ घातली की पडेल असा.

"अवो, अण्णारावांच्या कानावर तरी घाला," त्यांची बायको केवळाबाई म्हणाली.

"सांगितलं तर मग गुपित कसलं?" भुजंगराव खेकसले. "कुणाला पत्ता लागू नये म्हणून तर गवंडी किनवटहून आणला!"

गवंडी तोंड फिरवून हसला.

महिन्याभरात भरदुपारी ओरड उठली, "आले, आले!" भुजंगरावांनी लाथ घातली, विटा पडल्या आणि सगळं घर अण्णारावांच्या स्वयंपाकघरात शिरलं. चूल पेटलेली होती, पण माणूस एक नव्हतं. त्याच भिंतीत पलीकडच्या कोपऱ्याला दुसरं ताजं भगदाड पडलेलं होतं.

त्या भगदाडातून अण्णारावांच्या बायकोचा, सिंधुबाईंचा, दबका आवाज आला,

"केवळाबाई, तुमची तव्यावरली भाकर करपून राहिली. उलथू का?"