चौथा धक्का

खोलीत एकोणीस मुलं होती, एकोणीस प्रश्नावल्या आणि एकच दार. दाराला आतून एक कडी, कडीला चार स्क्रू. त्यातले दोन पहिल्याच लाथेत उडाले.

त्याआधी बाहेर बसलेल्या वर्गशिक्षिकेची किंकाळी आली होती. पाठोपाठ लोखंड हाडावर बसल्याचा आवाज.

"माझ्या कार्टीला बाहेर काढा! नाहीतर एकेकाला फोडतो!"

मुलांची कल्पकता आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वास मोजायला आलेली ताई दाराला पाठ लावून उभी राहिली. मुलं खिडकीकडे धावली. खिडकीला गज होते. वर्गातला बडबड्या रडत रडत म्हणाला, "ताई, आपण सगळे मेलोय असं दाखवू या ना."

दुसरी लाथ. ताईचं डोकं दारावर आपटलं.

सकाळपासून एक शब्द न बोललेली मुलगी उठून जवळ आली.

"बाबा आहेत माझे. तीन लाथा मारतात. मग मागे जाऊन खांद्याने धडक देतात. तेव्हा कडी काढायची."

"वेडी आहेस का? दार उघडायचं?"

"अडवलं की त्यांचा जोर वाढतो, ताई. उघडं दार त्यांना ठाऊकच नाही."

तिने एक बाक ओढून दारापासून दोन हातांवर आडवा टाकला. ताईला दारापासून बाजूला ओढलं, मुलांना दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटवलं. तिसरी लाथ बसली आणि तिसरा स्क्रू निखळला. बाहेर धाप ऐकू आली. पावलं मागे गेली. मुलीने कडीवर बोट ठेवलं. पावलं धावत आली.

तिने कडी काढली.

तो धाडकन आत आला. गुडघे बाकावर आदळले, हनुवटी फरशीवर. दोन दात बाहेर पडले. हातातली सळई घरंगळत फळ्याखाली गेली. अठरा मुलं त्याच्या मागून बाहेर पळाली. त्याने लेकीची वेणी पकडली. ताईने त्याच्या मनगटावर टाच हाणली. आत काहीतरी मोडलं आणि वेणी सुटली. दोघींनी बाहेरून दाराला कडी घातली.

पोलीस त्याला घेऊन गेले. वर्गशिक्षिकेला टाके घालायला नेलं. ऑफिसात ताईने पाण्याचा ग्लास मुलीपुढे सरकवला.

"हे तुला सुचलं तरी कसं गं?"

"सुचलं नाही. गेल्या वेळी आई कडी धरून उभी राहिली होती. आता मी मावशीकडे असते." मुलीने गोळा करून आणलेल्या गठ्ठ्यातून स्वतःची प्रश्नावली शोधून काढली. "ताई, माझं शेवटचं राहिलंय. लिहू?"

विधान विसावे : अडचणीतून सुटायची नवी युक्ती मला सुचते.

तिने ते दोनदा वाचलं. मग पहिल्या चौकोनात खूण केली. कधीच नाही.

गुण : पाचपैकी एक.