केवळ प्रौढांसाठी

मंदीत यतीनची नोकरी गेली. दुबई सोडायची म्हणून अल कुसैसचे घर आवरताना वडिलांच्या, म्हणजे अण्णासाहेबांच्या, स्तोत्रांच्या कॅसेटींमागे त्याला आपली जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली. तीत मोठ्यांच्या कार्टूनचा तो नव्वदच्या दशकातला भाग होता, ज्यात टीव्हीवरचा खराखुरा पैलवान ढेरपोट्या नायकाशी झुंजायला येतो. पंधराव्या वर्षी, झुंज सुरू होण्याआधीच, वडिलांनी ती जप्त केली होती.

"अण्णा, कोण जिंकतं ते मला अजून माहीत नाही. व्हीसीआर उद्या अजमानच्या गिऱ्हाइकाकडे चाललाय. आता तरी बघू?"

"अवश्य. आता तू प्रौढ आहेस."

यतीन मांडी घालून बसला. कुस्तीची घंटा वाजली, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या धावू लागल्या. झुंज संपल्यावर चित्र पुन्हा स्वच्छ झाले.

"टेप नेमकी इथंच झिजलीय, अण्णा. शंभरदा रिवाइंड केल्यासारखी. आणि मी तर ही झुंज एकदाही पाहिली नाही."

अण्णासाहेबांनी उपरणे सावरले.

"ढेरपोट्या जिंकतो," ते गंभीरपणे म्हणाले. "मात्र पंचाची पाठ वळताच पैलवानाच्या डोक्यात खुर्ची घालून. हे मल्लशास्त्राला मुळीच संमत नाही."