कुणाला लागतं का?

“हे स्टूल मला लागतं,” स्टोअरवाल्या बाईंनी स्टुलावर हात ठेवून जाहीर केलं.

“त्याला अजून चिठ्ठी कुठे लागलीय?” झाडूसाहेब म्हणाले. “आधी चिठ्ठी, मग मागणी. नियम म्हणजे नियम.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी मुकाट्याने लाल चिठ्ठी चिकटवली. बाईंनी ती टर्रकन ओढून काढली आणि तीनच पाय उरलेलं ते ध्यान उचलून चालत्या झाल्या. खुर्च्यांच्या कारखान्यात तीन पायांचं स्टूल! सगळे खो खो हसले.

झाडूसाहेब हे कामगारांनी ठेवलेलं नाव. मालकांनी त्यांना महिनाभरासाठी बोलावलं होतं, फापटपसारा आवरायला. एका खिळ्यासाठी सुतार या टोकाहून त्या टोकाला जायचे. साहेबांनी खिळे, गोंद, पॉलिशपेपर ज्याच्या त्याच्या हाताशी आणून ठेवले. फुकटच्या फेऱ्या बंद! बिनकामाच्या वस्तूला लाल चिठ्ठी लागायची. शनिवारी सुटायच्या वेळी मुकादम विचारायचा, “कुणाला लागतं का?” ज्याला हवं त्याने सगळ्यांदेखत चिठ्ठी काढून वस्तू न्यायची. कुणी पुढे आलं नाही, तर ती भंगाराच्या टेम्पोत.

सुरुवातीला बऱ्याच जणांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण कामं वेळेत उरकून मंडळी उजेडातच घरी पोचायला लागली, तशी सगळ्यांची कळी खुलली.

बाईंची तेवढी खुलेना. तडा गेलेला आरसा, बिनझाकणाची किटली, काय वाट्टेल ते त्यांना ‘लागायचं’. बाई आपल्याला मुद्दाम खिजवतात, अशी साहेबांची खात्रीच पटली.

आणि गंमत बघा, फुकटच्या फेऱ्यांवर तुटून पडणारे हे गृहस्थ स्वतः मात्र सारखे स्टोअरच्या खिडकीशी. कधी एक स्क्रू, कधी एक टाचणी. वय चाळिशीपार, लग्न राहून गेलेलं. खिडकीपलीकडे बाई; त्यांचंही राहूनच गेलेलं, घरी म्हातारी आई तेवढी. साहेबांचा जीव त्या खिडकीत पार गुंतला होता, पण तोंडातून ब्र निघेल तर शपथ.

“आणखी काही?” बाई विचारायच्या.

“नाही, एवढंच.”

संपलं!

महिना भरला. शेवटचा शनिवार उजाडला. आज गाशा गुंडाळायचा आणि दुसऱ्या गावचा दुसरा कारखाना झाडायला घ्यायचा. साहेबांना अजिबात जायचं नव्हतं. पण राहा म्हणणार कोण? सकाळी ते खिडकीशी गेले, तर बाई चक्क बाहेर आल्या.

“पाठीवर भुसा बसलाय तुमच्या,” म्हणाल्या आणि हाताने झटकला.

साहेब दिवसभर तरंगत होते. ते वळले की मागे खसखस पिकायची, मालकांनाही मधूनच ठसका लागायचा. पण आज साहेबांना कशाचं काही नव्हतं.

संध्याकाळी टेम्पो दाराशी लागला. मोडकी कपाटं चढली.

“साहेब, एक वस्तू राहिली,” मुकादम म्हणाला.

“कुठे?”

“तुमच्या पाठीवर बघा.”

साहेबांनी हात मागे नेला. बोटांना कागद लागला. सकाळचा भुसा आठवला. एवढा राग? एवढ्यासाठी आज खिडकीबाहेर आल्या?

“नियमच आहे,” मुकादम हसू दाबत म्हणाला. “कुणाला लागतं का?”

कुणी पुढे आलं नाही. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवी उचलली आणि टेम्पोकडे वळले.

“मला लागतात,” मागून आवाज आला, आणि पाठीवरची चिठ्ठी टर्रकन निघाली.

साहेब गर्रकन वळले. चिठ्ठी हातात धरून बाई उभ्या होत्या, कानापर्यंत लाल झालेल्या.

“मग चिठ्ठी लावलीत कशाला?”

“आधी चिठ्ठी, मग मागणी,” बाई म्हणाल्या. “नियम तुमचाच ना?”